एक दोरा, एक नट आणि चार तास: प्रयोग, मोजमाप आणि ग्राफ शिकवायची माझी पद्धत

विज्ञानाचा पहिला तास बहुतेक ठिकाणी व्याख्येने सुरू होतो, विज्ञान म्हणजे काय, निरीक्षण म्हणजे काय, अनुमान म्हणजे काय, आणि दहाव्या मिनिटाला निम्मी पोरं खिडकीबाहेर बघत असतात. मी पण बरीच वर्षं हेच केलं. मग एका वर्षी कंटाळून ठरवलं की व्याख्या नंतर बघू, आधी एकच साधा प्रयोग घ्यायचा आणि चार तास त्यालाच धरून बसायचं. प्रयोग म्हणजे दोलक, दोऱ्याला बांधलेला नट, बस. चार तास एवढ्याशा गोष्टीला जरा जास्त वाटतील पण खरं सांगतो, अजून दोन मिळाले तर तेही भरतात.

साधारण ११ ते १४ वयाच्या पोरांसाठी हे लिहितोय. घरी मुलांना शिकवणाऱ्या आईवडिलांना पण चालेल.

सामान

न ताणणारा दोरा (लोकरीचा धागा आणि इलॅस्टिक नको, शिवणकामाचा जाड दोरा बेस्ट), एक-दोन आकाराचे लोखंडी नट, मीटरपट्टी किंवा मेजर टेप, स्टॉपवॉच (मोबाईलमधलं चालतं), ग्राफ पेपर, टोक केलेली पेन्सिल, चिकटपट्टी. आणि दोन खोडरबर. हे खोडरबर खोडायला नाहीत, ते कशाला ते पुढे येईल. खोडायला खोडरबर वापरायला या चार तासांत बंदी आहे, तेही पुढे येईलच.

पहिला तास: सगळ्यांनी एकच टेबल मोजा

दोलक अजून काढायचा नाही. वर्गातलं एक टेबल घ्या आणि प्रत्येकाला येऊन ३० सेमीच्या पट्टीने त्याची लांबी मोजायला सांगा. उत्तर कुणाला न दाखवता चिठ्ठीवर लिहायचं आणि एककासकट लिहायचं. नुसतं १२१ लिहिलं तर चिठ्ठी परत.

मग सगळ्या चिठ्ठ्या फळ्यावर मांडा. एक आडवी रेघ काढायची, तिच्यावर सेंटीमीटर लिहायचे आणि प्रत्येक चिठ्ठीसाठी त्या आकड्याच्या वर एक ठिपका, तोच आकडा परत आला तर ठिपक्यावर ठिपका. पाच मिनिटांत फळ्यावर एक टेकडी तयार होते, मधे उंच आणि बाजूला उतरती, आणि कुठेतरी लांब एकटाच एखादा ठिपका. पोरांचा हा पहिला ग्राफ, आणि ग्राफ काढतोय हे त्यांना कळलेलं पण नसतं.

मग हमखास प्रश्न येतो, "सर, बरोबर उत्तर कुठलं?" इथे घाई करू नका. उलट विचारा, एकच टेबल, एकाच प्रकारची पट्टी, तरी आकडे वेगळे का आले? कारणं पोरंच सांगतात. पट्टी पाच वेळा उचलून ठेवली, दर वेळी थोडी फट राहिली किंवा एकावर एक चढली. पट्टी तिरकी गेली. कुणी पट्टीच्या कडेपासून मोजलं आणि शून्य तर कडेपासून अर्धा सेमी आत होतं. कुणी बाजूने वाकून वाचलं, त्यामुळे रेघ सरकल्यासारखी दिसली.

या कारणांचे दोन ढीग करा, हे महत्त्वाचं आहे. काही चुका कधी जास्त दाखवतात कधी कमी, त्या सरासरी काढली की बऱ्याचशा एकमेकींना खातात. पण शून्य सोडून कडेपासून मोजणं ही चूक दर वेळी एकाच बाजूला ओढते, ती हजार वेळा मोजून सरासरी काढली तरी जात नाही. मोठी माणसंसुद्धा "सरासरी काढली ना, मग झालं" असं म्हणतात, त्यामुळे हा फरक पोरांच्या डोक्यात आत्ताच बसवा.

शेवटची १० मिनिटं पट्टीच्या सगळ्यात लहान भागावर. साध्या पट्टीत तो १ मिमी असतो, याला लीस्ट काउंट म्हणतात. म्हणजे अशा पट्टीने मोजून कुणी १२१.३७४ सेमी लिहिलं तर शेवटचे आकडे त्याने कुठून आणले? कॅल्क्युलेटरमधून. तेव्हा ते खोडायचे. म्हणजे खोडायचे नाहीत, एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं. एकदा लिहिलेलं रीडिंग पुसायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी लावा, कारण पुसलेलं रीडिंगच पुष्कळदा खरं निघतं.

दुसरा तास: आपला हात किती फास्ट आहे

दोलकात वेळ मोजायची आहे आणि वेळ मोजणारं यंत्र म्हणजे स्टॉपवॉच नाही, स्टॉपवॉच अधिक आपलं बोट. म्हणून आधी बोट तपासायचं.

जोड्या करा. एकाने ३० सेमीची पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, पट्टीला न शिवता. पहिला न सांगता पट्टी सोडतो, दुसरा पकडतो. कुठे पकडली ते वाचा. पट्टी मोकळी पडताना किती अंतराला किती वेळ लागतो हे ठरलेलं असल्यामुळे सेंटीमीटरवरून सेकंद मिळतात:

५ सेमी: ०.१० सेकंद
१० सेमी: ०.१४ सेकंद
१५ सेमी: ०.१७ सेकंद
२० सेमी: ०.२० सेकंद
२५ सेमी: ०.२३ सेकंद

बहुतेकांचं १५ ते २५ च्या मधे येतं. कुणाचं ५ आलं तर तो चपळ नाही, तो समोरच्याची बोटं बघून आधीच मिटतोय, परत घ्या. प्रत्येकी पाच वेळा, पाचही आकडे वहीत, मग सरासरी. आणि या यादीत एक गंमत लपलीय ती पोरांना शोधू द्या: अंतर ५ वरून २० म्हणजे चौपट झालं तरी वेळ दुप्पटच झाली. आत्ता समजावू नका, नुसतं "लक्षात ठेवा रे" म्हणून सोडून द्या, चौथ्या तासाला हेच दुसऱ्या वेषात परत येणार आहे.

आता स्टॉपवॉच दाखवा. ते ०.०१ सेकंदापर्यंत दाखवतं, आपलं बोट ०.२ च्या आसपास चुकतं. म्हणजे घड्याळ दाखवतं तेवढं आपल्याला कळतंच असं नाही. समजा दोलकाच्या एका झोक्याला १ सेकंद लागतो आणि तो मोजताना ०.२ ची चूक झाली, तर ती झाली २० टक्के, असलं मोजमाप काय कामाचं. पण २० झोके सलग मोजून वेळेला २० ने भागलं तर तीच ०.२ ची चूक २० सेकंदांत वाटली जाते, उरली १ टक्का. नवीन यंत्र नको, खर्च नको, फक्त मोजायची पद्धत बदलली. माझ्या मते सगळ्या चार तासांतली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे आणि ती मी कधीच आधी सांगत नाही, "चूक कमी कशी करायची?" एवढंच विचारून गप्प बसतो. गप्प बसणं अवघड जातं पण वर्गातून कुणीतरी बोलतंच.

तिसरा तास: दोलक

आता दोरा काढा. दोऱ्याचं वरचं टोक नुसतं खिळ्याला गुंडाळू नका, झोका घेताना गाठ सरकते आणि लांबी बदलत राहते. इथे ते दोन खोडरबर: दोरा दोघांच्या मधे दाबून धरायचा आणि ते टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने घट्ट बसवायचे. दोरा जिथून बाहेर येतो तो बिंदू पक्का.

लांबी मोजायची ती त्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत, गाठीपर्यंत नाही. (हे सांगूनही दोन-तीन गट गाठीपर्यंतच मोजतात. मोजू द्या, ग्राफ त्यांना पकडतो.)

सुरुवातीला मोकळा प्रश्न टाका: झोक्याला लागणारा वेळ कशाकशावर अवलंबून असेल? फळ्यावर यादी होते, दोऱ्याची लांबी, नटाचं वजन, किती लांबून सोडला, कुणी म्हणतं पंख्याचा वारा. प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या, कारणासकट. बहुसंख्य पोरं वजनावर पैज लावतात, जड नट जोरात जाणार असं त्यांना वाटतं.

मग नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच. नट पण बदलला आणि लांबी पण बदलली आणि वेळ बदलला, तर श्रेय कुणाला द्यायचं?

मोजायची पद्धत अशी. नट बाजूला साधारण १० अंशापर्यंत न्यायचा (मीटरभर दोऱ्याला हे १७ सेमीच्या आसपास होतं) आणि ढकलायचं नाही, नुसता सोडायचा. गोल गोल फिरायला लागला तर थांबवून परत. मागे कागदावर एक उभी रेघ काढून ती दोरा शांत लटकतो त्या मधल्या जागेमागे चिकटवा आणि नट ती रेघ ओलांडतो तेव्हा घड्याळ सुरू करा. टोकाला नट क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, त्यामुळे "नक्की कधी" ते कळत नाही, मधे तो सगळ्यात वेगात असतो म्हणून क्षण स्पष्ट दिसतो. रेघेवरून परत त्याच दिशेने गेला की एक झोका पूर्ण, उलट दिशेने गेला तो अर्धा.

आणि मोजणी शून्यापासून. घड्याळ चालू करताना "शून्य" म्हणायचं, "एक" नाही. हे ऐकायला किरकोळ वाटतं. एकदा माझ्या एका गटाची सगळी रीडिंग कमी येत होती, तिन्ही ट्रायल एकमेकींशी जुळत होत्या, वही सुंदर, आणि उत्तर साफ चुकीचं. मी दोन दिवस दोरा, पट्टी, घड्याळ सगळं तपासलं. शेवटी त्यांच्या शेजारी उभा राहून नुसतं ऐकलं तर मोजणारी पोरगी घड्याळ चालू होताना "एक" म्हणत होती. म्हणजे २० म्हणेपर्यंत झोके १९ च झालेले, प्रत्येक रीडिंग ५ टक्के कमी. पहिल्या तासातला दुसरा ढीग आठवतोय ना, तोच हा.

आधी वजन. एक नट, मग तीन नट, लांबी तीच. इथे एक खड्डा आहे: तीन नट एकाखाली एक बांधले तर वजनाचा मध्य खाली जातो, म्हणजे नकळत लांबी वाढते आणि पोरं म्हणतात "बघा, वजनाने फरक पडला!" नट शेजारी शेजारी, एकाच उंचीला बांधा. मग वेळ तेवढाच येतो आणि वर्गात थोडी निराशा पसरते. "काहीच झालं नाही" असं म्हणतात. तिथे थांबून सांगा की फरक पडत नाही हे पण उत्तरच आहे.

मग कोन. पुस्तकात लिहिलेलं असतं की फरक पडत नाही, आणि हुशार पोरं मोजायच्या आधीच तसं लिहून मोकळी होतात. त्यांना एकदा १० अंशावरून आणि एकदा ६० अंशावरून सोडायला सांगा. ६० अंशाला एक झोका जवळजवळ ७ टक्के जास्त वेळ घेतो. मीटरभर दोऱ्याचे १० झोके एरवी २०.१ सेकंदांत होतात, इथे २१ च्या वर जातात (झोके हळूहळू लहान होत जातात म्हणून पूर्ण ७ टक्के दिसत नाहीत). गॅलिलिओने १६०२ मधे एका पत्रात म्हटलं होतं की झोका मोठा असो की लहान, वेळ तेवढाच. लहान कोनांना ते जवळपास खरं आहे, मोठ्या कोनांना नाही, आणि १६५६ मधे दोलकाचं घड्याळ बनवणाऱ्या हायगेन्सला पुढे या फरकावर बरंच डोकं लावावं लागलं. म्हणजे गॅलिलिओची चूक तुमच्या वर्गातल्या पोरांनी दोऱ्यावर पकडली, हे त्यांना जरूर सांगा, पोरं दोन दिवस हवेत असतात.

शेवटी लांबी, २०, ४०, ६०, ८० आणि १०० सेमी. प्रत्येक लांबीला २० झोके, तीन ट्रायल. टेबल आधी आखून घ्यायचं, एकक वरच्या रकान्यात एकदाच लिहायचं. तुमच्याजवळ ठेवायला साधारण काय यावं ते देतो, पोरांना दाखवू नका, दाखवलं की सगळ्यांची रीडिंग जादूने बरोबर यायला लागतात:

२० सेमी: २० झोके १७.९ सेकंद, एक झोका ०.९०
४० सेमी: २५.४ सेकंद, एक झोका १.२७
६० सेमी: ३१.१ सेकंद, एक झोका १.५५
८० सेमी: ३५.९ सेकंद, एक झोका १.८०
१०० सेमी: ४०.१ सेकंद, एक झोका २.०१

तीन ट्रायलमधे एखादी एकदम वेगळी आली तर ती पुसायची नाही, शेजारी शेरा लिहायचा आणि चौथी घ्यायची. शेरा म्हणजे "नट टेबलाला आपटला" असं काहीतरी. "चुकून" हा शेरा मी मान्य करत नाही.

चौथा तास: ग्राफ

जे आपण बदललं ते आडव्या अक्षावर, जे त्यामुळे बदललं ते उभ्या. म्हणजे लांबी आडवी, वेळ उभा. अक्षावर नाव आणि एकक दोन्ही.

खरी मारामारी स्केलवर होते. पोरं पाच रीडिंग पाच समान अंतरावर मांडून मोकळी होतात, मधली अंतरं न बघता. आपल्या लांब्या समान अंतरावर आहेत म्हणून ही चूक दिसतच नाही, त्यामुळे मी एका गटाला मुद्दाम २०, ३०, ६०, १०० देतो. स्केल १, २ किंवा ५ च्या पटीत घ्या, एका सेमीला ३ किंवा ७ असलं घेतलं की मधला आकडा शोधताना जीव जातो. आपल्या आकड्यांना आडवं १ सेमी म्हणजे १० सेमी लांबी आणि उभं १ सेमी म्हणजे ०.२ सेकंद, हे छान बसतं आणि कागद पण भरतो. कोपऱ्यात स्टॅम्पाएवढा ग्राफ काढला तर परत काढायला लावा.

पॉइंट बारीक टोकाने, भोवती छोटं वर्तुळ. आणि आता ते पॉइंट पट्टीने एकाला एक जोडायचे नाहीत! प्रत्येक पॉइंट थोडा चुकलेला आहे हे आपण तीन तास बघितलंय, मग प्रत्येक पॉइंटमधून रेघ वळवत नेणं म्हणजे आपल्या चुकासुद्धा निसर्गाच्या नावावर लावणं. पॉइंटांच्या मधून, काही वर काही खाली राहतील अशी एक सलग रेघ काढायची.

इथे ती रेघ सरळ येत नाही, सुरुवातीला उभी चढते आणि मग वाकत जाते. पोरं पट्टी घेऊन तिला सरळ करायला बघतात, हातातून पट्टी काढून घ्या. मग विचारा, ५० सेमीला किती? मोजायचं नाही, ग्राफवरून वाचा. १.४ च्या आसपास वाचतात. आता ५० सेमीचा दोलक लावून मोजा. २० झोके २८.४ सेकंदांच्या जवळ आले की जो आरडाओरडा होतो तो शेजारच्या वर्गात ऐकू जातो, त्यांना आधीच सांगून ठेवा.

मग २० आणि ८० सेमीची रीडिंग शेजारी शेजारी ठेवायला सांगा, ०.९० आणि १.८०. लांबी चौपट, वेळ दुप्पट. कुणीतरी वही मागे उलटून पट्टी पकडायच्या खेळावर बोट ठेवतं. नाही ठेवलं तर तुम्ही ठेवा.

ज्यांना वर्ग (संख्येला त्याच संख्येने गुणणं) येतात त्यांना वेळेचा वर्ग करून दुसरा ग्राफ काढायला लावा, उभ्या अक्षावर वेळेचा वर्ग. आकडे ०.८१, १.६१, २.४२, ३.२२, ४.०३ असे येतात आणि रेघ खटकन सरळ होते. आता पट्टी परत द्या. स्लोप (म्हणजे रेघेचा तिरकेपणा, उभी वाढ भागिले आडवी वाढ) काढताना दोन लांबचे बिंदू रेघेवरून घ्यायचे, आपल्या रीडिंगमधून नाही, नाहीतर रेघ काढली कशाला. लांबी मीटरमधे धरली तर स्लोप साधारण ४.०३ येतो. ३९.४८ ला (म्हणजे π, ३.१४ वाला पाय, त्याच्या वर्गाची चौपट) त्याने भागा, ९.८ मिळतात, तेच पुस्तकातलं गुरुत्वीय त्वरण, म्हणजे मोकळ्या पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते. एक म्हणत मोजणाऱ्या त्या गटाचं हे १०.९ आलं होतं.

गाठीपर्यंत लांबी मोजणारे गट इथे सापडतात. त्यांची रेघ पण सरळच येते, तिरकेपणा पण तोच, फक्त ती शून्यातून जात नाही. गाठीपासून नटाचा मध्य १.५ सेमी खाली असेल तर रेघ उभ्या अक्षाला ०.०६ च्या आसपास कापते. म्हणजे ग्राफ त्यांना नुसतं "चुकलात" म्हणत नाही, किती सेमी विसरलात ते पण सांगतो. मात्र ०.०६ इतकं बारीक असतं की जाड पेन्सिलीत लपून जातं, म्हणून टोक केलेली पेन्सिल.

वेळ उरला तर मीटरची गोष्ट सांगा. मीटरभर दोलकाला एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला जवळजवळ बरोबर १ सेकंद लागतो, वरच्या आकड्यांत दिसतंच. फ्रान्समधे १७९० साली तालेराँ या राजकारण्याने सुचवलं होतं की सेकंदाच्या दोलकाची लांबी हेच लांबीचं माप धरू. पण गुरुत्व सगळीकडे सारखं नाही, विषुववृत्तापाशी ९.७८ आणि ध्रुवांपाशी ९.८३, म्हणजे तोच दोलक जागा बदलली की वेगळा चालतो. जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ मधे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला तेव्हा त्याचं दोलकाचं घड्याळ तिथे रोज अडीचेक मिनिटं मागे पडायला लागलं होतं. शेवटी १७९१ मधे दोलक सोडून पृथ्वीच्या मापावरून मीटर ठरवायचं ठरलं.

वह्या तपासताना

उत्तर ९.८ आलं का यावर मी मार्क देत नाही. दिले की पुढच्या वेळी सगळ्यांचं ९.८ च येतं, काही जणांचं तर दोलक न लावता. बघतो काय तर अंदाज आधी लिहिला होता का, तिन्ही ट्रायल वहीत आहेत का, एकक आहे का, रेघ मारलेलं रीडिंग वाचता येतंय का, आणि वेगळं काही आलं तर त्याचं कारण शोधायचा प्रयत्न केलाय का. त्या १०.९ वाल्या गटाला पूर्ण मार्क दिले, कारण "आमचं सगळंच एका बाजूला चुकतंय, पण कुठे ते सापडत नाही" असं त्यांनी स्वतःहून शेवटी लिहिलं होतं.

याच्या पुढे काय घ्यायचं असेल तर रबरबँड. त्याला एकेक नट लटकवत जायचं आणि किती ताणला ते मोजायचं, मग नट एकेक करून काढत परत मोजायचं. जाताना आणि येताना एकच रेघ येईल असं सगळे गृहीत धरतात. ग्राफ काढून होईपर्यंत काही बोलू नका.